विद्यार्थ्यांची नजरअंदाज पैसेवारी

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला नमुना पाहणीचे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. पैसेवारीने ते त्याला केव्हाच शिकवले आहे. सप्टेंबरअखेर महसूल खात्याची नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते, मग सुधारित, आणि डिसेंबरअखेर अंतिम. गाव पन्नास पैशांच्या खाली आले की शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, आणि पुष्कळांच्या ध्यानात नसते, पण विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफीसुद्धा त्याच रेषेशी बांधलेली. म्हणून पीक कापणीचा प्रयोग कोणाच्या वावरात झाला, ओलिताच्या की कोरडवाहूच्या, मोजणीच्या वेळी उभे कोण होते आणि कागदावर आकडा घातला कोणी, हे प्रश्न पारावर बसलेला निरक्षर म्हातारासुद्धा विचारतो. नजरअंदाज या शब्दाचा हिंदीतला अर्थ दुर्लक्ष असा आहे, हा निव्वळ योगायोग आहे असे त्याला वाटत नाही.

पण त्याच म्हाताऱ्याच्या नातवंडांची जी पैसेवारी शाळाशाळांतून चालली आहे, तिच्याविषयी हे प्रश्न कोणीच विचारत नाही. मुलांचे आरोग्य, त्यांच्या सवयी, व्यसने, मनावरचा ताण, शाळेतला अनुभव यांविषयीच्या प्रश्नावल्या गेल्या काही वर्षांत शाळांवर एकामागून एक येऊन पडत आहेत. वरून परिपत्रक येते, त्यासोबत एक दुवा येतो, ‘आजच सायंकाळपर्यंत माहिती भरून अहवाल सादर करावा’ अशी ओळ असते, आणि दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे काम शंभर टक्के पूर्ण झाल्याची नोंद होते. अकोला जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने मला सांगितलेली हकीकत मासलेवाईक आहे. वर्गात चाळीसच्या वर मुले, फोन दोन, संध्याकाळपर्यंत मुदत. तेव्हा तिने प्रश्न मोठ्याने वाचले आणि हात वर करायला सांगितले. ‘शाळेत कोणाची भीती वाटते का?’ या प्रश्नाला एकही हात वर झाला नाही. तिने प्रामाणिकपणे शून्य भरले. त्या शून्याची बेरीज पुढे तालुक्यात, जिल्ह्यात आणि राज्यात झाली असणार. दोष तिचा नव्हे. जनगणना, मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी आणि ‘सरल’ प्रणालीवरची माहिती यांखाली जो शिक्षक दबलेला आहे, त्याच्या हाती एवढे नाजूक काम एका दिवसाच्या मुदतीने देणाऱ्या कचेरीचा तो दोष आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, विद्यार्थ्यांच्या पाहणीची खरी रचना प्रश्नांच्या यादीत नसते. कागद कोणाच्या हाती जाणार, वर्गात त्या दिवशी कोण नव्हते, आणि उत्तर मिळाल्यावर कोणी काय करायचे, या तीन गोष्टींत ती असते. या तिन्ही गोष्टी आज योजनेबाहेर आहेत. प्रश्न तेवढे परदेशी नमुन्यांवरून उतरवले जातात.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने जानेवारी ते मार्च २०२२ या काळात मानसिक आरोग्याविषयी देशभर पाहणी केली. सहावी ते बारावीचे ३,७९,८४२ विद्यार्थी तिच्यात होते. त्यांपैकी ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणे सांगितली. हा निष्कर्ष खोटा आहे असे मी म्हणत नाही. कोणत्याही पालकाला विचारा, तो हेच सांगेल. पण पावणेचार लाख हा आकडा पाहून दिपून जाणाऱ्यांना १९३६ सालच्या अमेरिकेची आठवण करून द्यायला हवी. एका साप्ताहिकाने सुमारे तेवीस लाख मतपत्रिका गोळा करून रूझवेल्ट पडणार असे भाकीत केले. रूझवेल्ट दोन राज्ये सोडून सर्वत्र निवडून आले. मतपत्रिका धाडल्या होत्या त्या मुख्यतः दूरध्वनी आणि मोटार बाळगणाऱ्यांना. नमुना चुकीच्या दारावर उभा असेल तर तो कितीही मोठा करा, चूक मोठी होते एवढेच. २०२२ च्या त्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या शाळा साथीमुळे पुन्हा बंद होऊन २४ तारखेपासून उघडू लागल्या होत्या. दोन वर्षांच्या टाळेबंदीत जी मुले मजुरीला लागली आणि ज्या मुलींची लग्ने उरकली गेली, त्यांना विचारायला कोण गेले होते? परीक्षेची चिंता वाटण्यासाठीसुद्धा आधी शाळेच्या पटावर असावे लागते.

याहून बोलके उदाहरण २००७ सालचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शालेय विद्यार्थी आरोग्य पाहणी ही पद्धत म्हणून चांगली आहे. तेरा ते पंधरा वर्षांची मुले, नाव नसलेली उत्तरपत्रिका, एका तासिकेत संपणारे प्रश्न आणि शास्त्रशुद्ध निवड. भारतात ती झाली तेव्हा मात्र केंद्रीय मंडळाशी संलग्न शाळांत झाली. अमरावती-अकोल्याच्या वाचकांनी आपापल्या तालुक्यात तेव्हा केंद्रीय मंडळाच्या किती शाळा होत्या ते आठवून पाहावे. जिल्हा परिषदेची शाळा नाही, शिवाजी शिक्षण संस्थेच्या गावोगावच्या शाळांसारखी राज्य मंडळाची अनुदानित शाळा नाही, आश्रमशाळा नाही; आणि आंतरराष्ट्रीय तक्त्यात त्या आकड्यांपुढे नाव ‘भारत’. ओलिताचा एक तुकडा कापून साऱ्या मंडळाची पैसेवारी ठरवावी तसे हे झाले.

आणि हे कोणत्या देशात घडते? जिथे महालनोबिसांच्या प्रयत्नाने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली आणि पां. वा. सुखात्म्यांनी पीक कापणीच्या नमुन्याचे शास्त्र घडवले, त्या देशात. या दोघांचा एक जुना वाद मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत असे. कापणीचा तुकडा फार लहान घेतला की कडेवरची ताटे आत ओढण्याचा मोह मोजणाऱ्याला होतो आणि उत्पन्न फुगते, असे सुखात्म्यांनी दाखवून दिले. मोजणाऱ्याच्या नकळत होणारी चूक शोधायला ज्यांनी एवढे श्रम घेतले, त्यांच्या देशात आज मोजणाऱ्यासमोरच मुलाने हात वर करायचा आहे.

कडेवरच्या ताटांचा हा प्रश्न शाळेत कसा उभा राहतो ते पाहा. वर्गातला मुलगा भोळा नसतो. आपला आधार क्रमांक शाळेत आहे, आपला विद्यार्थी क्रमांक ‘सरल’वर आहे, आपले अक्षर गुरुजींना ओळखू येते, हे त्याला पक्के ठाऊक असते. परिषदेच्या पाहणीत नाव लिहिणे ऐच्छिक होते. हेतू चांगला असेल; परंतु नावाची चौकट कागदावर असणे हीच एक सूचना असते. ज्या शाळेत मारणारा, छळणारा अथवा अंगाला हात लावणारा माणूस वर्गाच्या दारात उभा आहे, तिथे ऐच्छिक या शब्दाला काय अर्थ? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला बाल अत्याचारविषयक अभ्यास आठवा. महाराष्ट्रासह तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी तो बोलला. शाळेत जाणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. त्या अभ्यासाने शाळेबरोबरच घरातली, कामावरची, रस्त्यावरची आणि संस्थांतली मुले स्वतंत्रपणे घेतली होती. असे आकडे कोणत्याही मुख्याध्यापकाच्या दुव्यातून कधी वर येतील काय?

उपाय नाहीत असे नव्हे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने आणि पॉप्युलेशन कौन्सिलने २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांची मोठी पाहणी केली. तीत अतिशय खाजगी प्रश्नाचे उत्तर तोंडी न घेता तरुणाने चिठ्ठीवर खूण करून पाकिटात बंद करून द्यायचे, अशी सोय होती. समोरासमोर नाकारलेल्या गोष्टी काहींनी पाकिटात कबूल केल्या. याहून चतुर युक्ती अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वॉर्नर यांनी १९६५ साली मांडली. तिचे पुढे सोपे झालेले एक रूप कोणत्याही वर्गात वापरता येईल. प्रत्येक मुलाने आपल्यापुरते नाणे फेकावे, कोणाला दाखवू नये. काटा आला तर डोळे मिटून ‘होय’ लिहावे, छापा आला तर खरे उत्तर लिहावे. समजा शंभर मुलांत बासष्ट ‘होय’ आले. पन्नासच्या आसपास निव्वळ काट्याचे. उरलेले बारा हे छापा पडलेल्या पन्नासांपैकी, म्हणजे खरे प्रमाण चोवीस टक्के. कोणत्या मुलाचे ‘होय’ खरे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, मग मुख्याध्यापकाला कुठून कळणार! एवढ्यासाठी खर्च किती? प्रत्येक मुलामागे एक नाणे, तेही परत मिळणारे. फक्त आकडा अचूक हवा असेल तर वर्ग एक पुरत नाही, पुष्कळ लागतात. आणि घाईच्या कचेरीला नेमके तेच परवडत नाही.

आता प्रश्नांच्या भाषेकडे वळू. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू पाहणीत ९८७ शाळांतले ९७ हजारांवर विद्यार्थी होते, आणि तेरा ते पंधरा वयाच्या मुलांत ८.५ टक्के तंबाखू वापरणारे आढळले. पद्धतशीर काम. पण हीच गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या कचेरीतून ‘तू तंबाखूचे सेवन करतोस काय?’ अशा शब्दांत विचारली गेली की विदर्भातला मुलगा बेधडक ‘नाही’ लिहितो. तो तंबाखू खात नाही. तो खर्रा खातो. सुपारी, चुना आणि तंबाखू यांचा घोटलेला तो पुडा त्याच्या लेखी वेगळाच पदार्थ आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, म्हणून गुटखा खाणारा त्याचे नावच घेणार नाही. तीच गत मनाची. ‘तुला नैराश्य जाणवते काय’ हे वाक्य दहावीच्या कुमार भारतीलासुद्धा जड जाईल. आमच्याकडे पोर म्हणते, करमत नाही, जेवण जात नाही, कशात जीव लागत नाही. शहाणा प्रश्नकर्ता या वाक्यांपासून सुरुवात करील. आणि धारणी-चिखलदऱ्याच्या आश्रमशाळेतल्या कोरकू मुलाला तर मराठी हीच शाळेत भेटलेली भाषा. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी तिचे नाते नाही. त्याच्यापुढे छापील मराठी प्रश्नावली ठेवून मिळालेले उत्तर हे त्याच्या आरोग्याचे की वाचनाचे?

शिवाय जे विचारायला हवे ते विचारलेच जात नाही. परदेशी नमुन्यात शीतपेये दिवसाला किती, पडद्यासमोर तास किती, हे असते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथले भूगर्भातले पाणी खारट आहे आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्या मुलाला विचारा की शाळेत पाणी पितोस का, किती वेळा, घरून आणतोस की नळाचे. मुलीला विचारा की शौचालयाला कडी आहे का, आणि ते नसल्यामुळे तू दिवसभर पाणी प्यायचे टाळतेस का. या दोन प्रश्नांतून जे कळेल ते पन्नास गुणांच्या कल्याण-निर्देशांकातून कळणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. आपल्या जिल्ह्यांतल्या किती विद्यार्थ्यांनी त्यानंतरच्या हंगामांत फवारणीच्या पंपात पाणी ओतले, औषध कालवले? वेचणीच्या दिवसांत किती जणांनी किती दिवस शाळा बुडवली? एस.टी.ची फेरी चुकली म्हणून कितीदा पायी घरी गेलीस? हे सारे आरोग्याचे आणि शालेय अनुभवाचेच प्रश्न आहेत, पण ते प्रश्नावलीत येत नाहीत. कारण त्यांची उत्तरे मुलाच्या सवयीकडे बोट दाखवीत नाहीत, पाणीपुरवठा, कृषी आणि परिवहन खात्यांकडे दाखवतात.

गैरहजर मुलांचा प्रश्न तर याहून मोठा. ४ जुलै २०१५ रोजी राज्याने शाळाबाह्य मुलांची एका दिवसात पाहणी केली. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. बारा तासांत सारा महाराष्ट्र! खरी संख्या यापेक्षा पुष्कळ मोठी आहे, असे या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी तेव्हाच बजावले. त्यातला महिना पाहा. जुलैत मेळघाटातले कुटुंब पेरणीसाठी गावी असते. दिवाळीनंतर ते कामाच्या शोधात मैदानात उतरते आणि पोरे बरोबर जातात. जुलैची पाहणी आणि जानेवारीची पाहणी या दोन वेगळ्या जिल्ह्यांच्या पाहण्या होत. शिवाय जो मुलगा आजारी आहे, जो खचला आहे, जो मार खाऊन शाळा टाळतो, तोच नेमका त्या दिवशी वर्गात नसतो. त्याच्या गैरहजेरीमुळे वर्गाची सरासरी सुधारते.

वऱ्हाडात घरोघरी जाऊन विचारण्याची ताकद शासनाकडे नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या पॅकेजच्या सुमारास अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांतल्या सुमारे साडेसतरा लाख शेतकरी कुटुंबांची पाहणी शासकीय यंत्रणेने केली होती, आणि त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक कुटुंबे संकटात असल्याचे निघाले होते. कर्ज, नापिकी आणि आजारपण यांच्याबरोबर मुलीचे लग्न रखडणे हीही संकटाची एक खूण म्हणून नोंदली गेली. इतक्या लाख उंबरठ्यांवर ती मुलगी बापाच्या काळजीचा एक रकाना म्हणून मोजली गेली. तिला स्वतःला कोणी काही विचारले नाही: शाळा कधी सुटली, कोणी सोडवली, झोप लागते का.

इथे सोज्वळ मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो. असे प्रश्न विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसते विचार येतात! २००७ साली याच भीतीपोटी महाराष्ट्राने शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम गुंडाळला. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा माध्यमिक शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर झालेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या मंडळींनी वाचावा. आत्महत्येविषयी प्रश्न विचारलेल्या मुलांचा त्रास न विचारलेल्यांपेक्षा वाढला नाही. ज्यांच्या मनात आधीच तो विचार होता, त्यांना विचारल्याने बरेच वाटले असावे, असेच आकडे सांगत होते. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. हे विचार त्यांच्या डोक्यात प्रश्नावलीने घातले नव्हते.

मात्र खरा पेच या आक्षेपाच्या पलीकडे आहे, आणि तो सुटायला सोपा नाही. समजा एका मुलीने ‘जगू नये असे वाटते’ या वाक्यापुढे खूण केली. कागदावर नाव नसेल तर तिच्यापर्यंत पोचायचे कसे? नाव असेल तर ती खूण करील का? अत्याचाराबद्दल तर कायदाच आडवा येतो. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्ह्याची माहिती कळलेल्या कोणालाही ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. नावासकट विचारणाऱ्याने हे ओझे उचलायची तयारी ठेवूनच विचारावे. माझ्या मते मार्ग एकच दिसतो: मोजणीचा कागद पूर्ण निनावी, आणि त्याच दिवशी, त्याच वर्गात मदतीचे दार उघडे. पाहणी करणाऱ्या चमूबरोबर समुपदेशक असावा, तो पुढचे काही दिवस त्याच गावात बसावा, आणि ‘बोलायचे आहे’ एवढेच लिहून टाकता येईल अशी पेटी ठेवावी, जिची किल्ली शाळेकडे नसेल. दार नसेल तर पाहणी करूच नये. मलम नसताना जखम उघडणे हे संशोधन नव्हे.

हे स्वप्नरंजन आहे काय? अमरावती जिल्ह्यातल्याच ३० गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने प्रौढांच्या बाबतीत ते करून दाखवले आहे. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांना त्यांच्या भाषेत विचारले, समजावले, गरज पडली तेव्हा डॉक्टरपर्यंत नेले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. विचारणे आणि उपचार एकाच हाताने झाले, म्हणून तो आकडा हलला. आणि २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत निदान एक पात्र समुपदेशक असावा, असा निर्देश दिलेला आहे. जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य खेडेगावी शाळांचा पट शंभराच्या आत आहे, हे त्या निर्देशाच्या अंमलबजावणीत विसरले जाण्याचा धोका मोठा. त्या शाळांसाठी केंद्रनिहाय एक समुपदेशक मागायचा तर हाती आकडे हवेत, आणि ते हात वर करून मिळालेले शून्य असता कामा नयेत.

म्हणून मागणी अशी. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांची स्वतंत्र पाहणी व्हावी. नमुना काढताना जिल्हा परिषद, अनुदानित, आश्रमशाळा, इंग्रजी माध्यम आणि कनिष्ठ महाविद्यालये हे सारे पट एकत्र धरावेत, आणि शाळेबाहेरच्या मुलांसाठी घरांचा वेगळा नमुना घ्यावा. कागद वाटणारे त्या तालुक्याबाहेरचे असावेत. प्रशिक्षण दिले तर विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे काम उत्तम करतील. शिक्षकाने त्या तासाला वर्गाबाहेर चहा प्यावा. पालकांची संमती घ्यावीच, पण मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तो सांगितलेलाच आहे. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलाकडे कोणी वळूनही पाहू नये. शाळावार निकाल जाहीर करण्याची मुभा कोणालाही नसावी, कारण क्रमवारी लागली की दुसऱ्या वर्षी आकडे सुधारतात आणि मुले तशीच राहतात. तालुक्याचे निकाल मात्र ग्रामसभेपुढे आणि मुलांपुढे मराठीत व कोरकूत वाचून दाखवावेत. प्रश्नावलीची पहिली चाचणी अमरावतीच्या कॅम्पातल्या शाळेत न घेता धारणीच्या आश्रमशाळेत आणि खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या गावी घ्यावी. आणि ती जुलैत नको, कापूस वेचणी ऐन भरात असताना घ्यावी.